धामापूरचे तळे, मालवणची रापण : एका बिननोंदणी संस्थेचा इतिहास

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की आधी स्थापनेची तारीख येते, मग संस्थापकांची नावे, मग नोंदणी क्रमांक आणि कार्यकारिणी. मालवण तालुक्यातल्या कट्टा परिसराला असे इतिहास नवे नाहीत. वराडकर हायस्कूल आहे, बॅ. नाथ पै सेवांगण आहे. या संस्थांनी पंचक्रोशीतल्या पिढ्या घडवल्या. मला मात्र अशा एका संस्थेविषयी लिहायचे आहे जिचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात सापडणार नाही. तिची घटना कुणी लिहिली नाही, तिचे वार्षिक अहवाल छापले गेले नाहीत. तरी तिने तळी बांधली, देवराया राखल्या, समुद्रातून काढलेल्या मासळीचे वाटे न भांडता केले. मालवण तालुक्यातल्या गावांनी एकत्र येऊन चालवलेली राखण, हीच ती संस्था. तिच्याशी हातमिळवणी करून जी सरकारी कामे झाली ती टिकली, आणि तिला वगळून जी झाली ती अडखळली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचा इतिहास त्या मताच्या पुष्टीसाठीच मांडतो आहे.

या संस्थेचे सर्वात जुने, आजही डोळ्यांनी पाहता येणारे काम कट्ट्याच्या शेजारच्याच पट्ट्यात आहे. धामापूरचे तळे 1530 साली बांधले गेले. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे या दोन गावांच्या लोकांना हाताशी धरून ते उभे केले. शिवरायांचा जन्म व्हायला त्या वेळी अजून शंभर वर्षे होती.

हे तळे का बांधावे लागले, हे कोकणाबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग पाण्याची टंचाई कसली? पण हा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून पाहता पाहता खाडीला मिळतो. जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. एप्रिल उजाडला की विहिरींचे तळ दिसू लागतात. म्हणून डोंगरांच्या मधली घळ हेरून तिथे मातीचा बांध घालायचा आणि पाणी अडवायचे, हा उपाय निघाला. तळ्यातून निघालेले पाणी पाटाने, आपल्या उताराने, शेतांच्या कुणग्याकुणग्यांत उतरते. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. पावसाळी भात कापून झाले की याच पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होते आणि माड-पोफळीच्या बागा उन्हाळ्यात तग धरतात. आज मालवण शहराला पिण्याचे पाणीही इथूनच जाते. समुद्रकाठच्या शहराची तहान पाच शतकांपूर्वीचा मातीचा बांध भागवतो आहे, ही गोष्ट नळ सोडताना आपल्याला आठवत नाही.

बांध घालणे हे एका पिढीचे काम. तो पाचशे वर्षे टिकवणे हे मात्र प्रत्येक पिढीचे काम असते. तळे मरते ते गाळाने. गाळ येतो भोवतालची झाडे तोडल्याने. धामापूरच्या तळ्याभोवतीचे डोंगर आजही गर्द आहेत, कारण तळ्याच्या काठावर भगवतीचे देऊळ आहे आणि त्या रानावर देवीची सत्ता मानली गेली. कुऱ्हाड चालवण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी. ज्याला आज पाणलोट क्षेत्राचे संरक्षण म्हणतात, त्याची अंमलबजावणी इथे वनरक्षकाशिवाय झाली. लग्नकार्याला दागिने हवे असले की तळ्याच्या काठी देवीला फुले वाहून मागणी करायची, दागिने वर यायचे, आणि कार्य उरकल्यावर ते परत करायचे; कुणीतरी एकदा परत केले नाहीत आणि तेव्हापासून दागिने येणे बंद झाले, ही कथा या भागात प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. अनेक गावांच्या तळ्यांना अशी कथा चिकटलेली असते. मला ती सामायिक मालमत्तेच्या नियमावलीसारखी वाटते: गरजेपुरते घ्या, वेळेवर परत करा, एकाने लबाडी केली तर तोटा सगळ्या गावाचा होतो.

2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने धामापूर तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. महाराष्ट्रातला असा मान मिळालेला हा पहिला तलाव. मान मिळाला ही आनंदाची गोष्टच, पण त्यामागे स्थानिक माणसांची चिकाटी आहे. धामापूरच्याच ‘स्यमंतक’ या संस्थेने तळ्यातल्या आणि काठावरच्या जीवसृष्टीच्या नोंदी केल्या आणि पाणथळ जागा म्हणून तळ्याला संरक्षण मिळावे यासाठी पाठपुरावा चालू ठेवला. नोंदणी असलेली संस्था बिननोंदणी संस्थेच्या पाठीशी कशी उभी राहते, याचे हे आपल्या घरातले उदाहरण.

तळ्याइतकाच देवरायांचाही इतिहास मोठा आहे, पण तो इथे थोडक्यात आटोपतो. सिंधुदुर्गात गावागावांत देवाच्या नावाने राखलेली राने आहेत. 1970च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांच्या जगात त्यांची दखल घेतली गेली. गावाला ते आधीपासून ठाऊक होते. देवळाच्या कामाला लाकूड हवे असले तरी देवाला कौल लावायचा, आणि कौल मिळाला नाही तर काम पुढे ढकलायचे, ही शिस्त होती. आचऱ्याची गावपळणही याच घराण्यातली. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव, गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह, वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहतो. चिंदर आणि वायंगणीलाही ही प्रथा आहे. गावाच्या जमिनीवरचा, पाण्यावरचा, हवेवरचा माणसाचा भार काही काळ पूर्ण उतरवणारी दुसरी कुठली व्यवस्था मला माहीत नाही. श्रद्धा कुणाला पटो न पटो, एक अख्खा गाव एका निर्णयाने हलू शकतो ही ताकद संस्थेचीच असते.

समुद्रावर या संस्थेचे नाव रापण. किनाऱ्याच्या जवळ झुंडीने येणारी तारली, बांगडा, पेडवे अशी मासळी दिसली की होडी लांबलचक जाळे सोडत अर्धवर्तुळ घेत पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर इथे, दुसऱ्याचा काही अंतरावर. दोन्ही दोरांना माणसे लागतात आणि ओढायला सुरुवात होते. दोर ओढताना वय, बाई-पुरुष हा भेद फारसा राहत नाही. म्हातारा माणूस कमरेला दोर अडकवून मागे मागे सरकतो, शाळेतून आलेला पोर दप्तर वाळूत टाकून मध्ये घुसतो. दोन्ही बाजू हळूहळू जवळ येतात, जाळ्याचे पोट वाळूत लागते आणि मासळी चमकते. त्यानंतर वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्यांचे वाटे. ज्याने दोराला हात लावला तो रिकाम्या हाताने घरी जात नाही.

रापणीचे नियम कागदावर नसले तरी पक्के असतात. कुठल्या वाडीची रापण कुठल्या पट्ट्यात लागायची, दोन रापण संघ एकाच ठिकाणी आले तर पाळी कुणाची, हे ठरलेले असते. जाळे किनाऱ्यावरून ओढायचे असल्याने ते खोल समुद्रात जाऊन माशांच्या पिढ्या उपसू शकत नाही; ताकद माणसांच्या दंडाएवढीच. एलिनोर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरातल्या चराऊ राने, पाटबंधारे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून दाखवून दिले की सामायिक संपत्ती सरकार किंवा खाजगी मालक यांच्या ताब्यात गेली तरच वाचते, हा समज खोटा आहे. ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती राखू शकतात. तिचा मूळ ग्रंथ 1990 साली आला आणि 2009 साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मालवणच्या रापणकराला हे सिद्ध करून दाखवायची गरज पडली नसती. तो ते रोज करत होता.

सिंधुदुर्ग किल्ल्याचाही या संस्थेशी संबंध आहे, आणि तो नेहमी सांगितला जात नाही. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा, ज्याच्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरले आहेत, त्या जागी पूजन झाले असे परंपरा सांगते. किल्ल्यात वस्ती आहे, राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि खाऱ्या समुद्राने वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरचा मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो, मग मालवणच्या बंदरावरचे लोक आपापले नारळ सोडतात. जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. किल्ल्याची डागडुजी पुरातत्त्व खाते करील. पण होडीवाले, किल्ल्यातली घरे, नारळी पौर्णिमेचे मानकरी आणि भोवतालचा समुद्र यांना वगळून तो किल्ला राखता येणार नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या मानांकनाच्या नावात भूप्रदेश हा शब्द मुद्दाम आला आहे.

आता इतिहासाच्या कडू पानाकडे यावे लागते. 13 एप्रिल 1987 रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.182 चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यात येतात. हेतूविषयी वाद नाही. इथल्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्री शैवालाच्या कितीतरी जाती आहेत, माशांच्या पिल्लांना आसरा देणाऱ्या कपारी आहेत. राज्यातले हे पहिले सागरी अभयारण्य. पण ज्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या होड्या चालल्या, त्या पाण्यावर रेषा ओढताना होडीवाल्यांना पुरेसे विश्वासात घेतले गेले नाही. अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, एवढाच अर्थ किनाऱ्यावर पोचला. विरोध झाला, आणि पुढची कित्येक वर्षे अभयारण्य कागदावर राहिले.

कायदाच त्या वेळी अपुरा होता. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. सागरी क्षेत्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, ही तरतूद त्यात 1991च्या दुरुस्तीने आली. मालवणची अधिसूचना तिच्या चार वर्षे आधीची. पण लोकांना सोबत घेऊन असे काम कसे होते, हे तेव्हाच दुसरीकडे दिसत होते. फिलिपीन्समध्ये अपो नावाचे एक छोटे बेट आहे. तिथे 1982 मध्ये, म्हणजे मालवणच्या पाच वर्षे आधी, सिलिमान विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांशी दीर्घकाळ बोलून, त्यांच्या संमतीने प्रवाळाचा एक तुकडा मासेमारीला बंद केला. राखण गावाचीच. काही वर्षांत त्या तुकड्याबाहेरही मासे वाढले आणि अपो जगभरातल्या सागरी अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र झाले. आपल्याकडे प्रवाळ होते, मासे होते, शास्त्रज्ञही होते. बोलणे तेवढे राहून गेले.

हे बोलणे सुरू व्हायला जवळजवळ पंचवीस वर्षे लागली. 2011 नंतर केंद्र सरकार, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने देवगड, मालवण, वेंगुर्ला या तीन तालुक्यांत सागरी जैवविविधतेचा प्रकल्प आला. 2012 मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि हा प्रकल्प त्याच्या हाताखाली चालला. या वेळी सुरुवात बंदी घालून झाली नाही, ती मच्छीमारांच्या जाळ्यापासून झाली.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटी एक पिशवी असते. तिची आस, म्हणजे जाळ्याचे भोक, शंकरपाळ्यासारखी असते. जाळे ओढले जाऊ लागले की ताणाने ती आस मिटते आणि बोटभर लांबीचे पिल्लूही बाहेर पडू शकत नाही. ते बंदरात येते, कवडीमोलाने विकले जाते, आणि पुढच्या हंगामाचा मासा आदल्या हंगामात संपतो. त्याऐवजी पिशवीला 40 मिलिमीटरची चौकोनी आस लावली तर ती ताणातही उघडी राहते. पिल्ले निसटतात, मोठा मासा राहतो, शिवाय जाळे ओढायला हलके जात असल्याने डिझेल वाचते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे हे तंत्र मालवणच्या ट्रॉलरवर, तांडेलांच्या साक्षीने वापरून पाहिले गेले. तांडेलाने स्वतःच्या डोळ्यांनी मासळीची टोपली पाहिली आणि मग तो तयार झाला. ज्या पद्धतीने 1987 मध्ये काम व्हायला हवे होते, ती हीच.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी 2017 मध्ये कांदळवन सफर सुरू केली. मासे विकणाऱ्या, घरच्या होडीत बसणाऱ्या बायका आता स्वतः वल्हे मारतात आणि पाहुण्यांना कांदळाच्या जाती, त्यांची श्वासमुळे, पक्षी दाखवतात. त्याच वर्षी राज्य सरकारने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली आणि खेकडापालन, कालवे, जिताडा, पिंजऱ्यातली मत्स्यशेती यांसाठी गावगटांना अनुदान मिळू लागले. कांदळतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी 2005 पासून आहेच. पण कांदळ उभे राहिले तर घरात दोन पैसे येतात, हे खाडीकाठच्या बाईला पटले की न्यायालयाला गस्त घालावी लागत नाही. मालवण-तारकर्लीला स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन सुरू झालेल्या स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगमागेही हाच हिशेब आहे. प्रवाळ जिवंत राहिले तरच तो धंदा चालणार. गर्दी वाढल्यावर नांगर कुठे टाकायचे, एका वेळी किती माणसे पाण्यात उतरवायची याची शिस्त मात्र अजून पुरती बसलेली नाही. ती बसवण्याचे काम डायव्हिंगवाल्यांच्या संघटनांनीच हाती घ्यावे, असे मला तळमळीने वाटते.

पारंपरिक मच्छीमारांचा लढाही याच इतिहासात येतो. पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्याकडे येणारी झुंडच्या झुंड बाहेरच उचलली जाऊ लागली तेव्हा रापणीचे दोर रिकामे येऊ लागले. मालवण आणि आचऱ्याच्या किनाऱ्यांवर संघर्ष झाले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले आणि तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठरवून दिला. 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. निर्णय चांगले आहेत. अंमलबजावणी ढिली पडते तेव्हा पहिली तक्रार रापणकरच करतो, कारण किनाऱ्यावर रोज पहाटे तोच उभा असतो.

किनाऱ्यापासून आत, सड्यांवर म्हणजे कातळाच्या पठारांवर, या संस्थेने अजून एक ठेवा नकळत राखला. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे 2012 मध्ये सतीश लळीत यांनी अभ्यासकांसमोर आणली. त्यापूर्वीही गावाला ती जागा ठाऊक होती, तिच्याविषयी गोष्टी सांगितल्या जात होत्या. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा त्यात कुडोपीचे नाव होते. सड्यावरचा जांभा चिऱ्यांसाठी सहज कापला जातो. एक खाण लागली की हजारो वर्षांची रेषा एका आठवड्यात नाहीशी होते. तिथे पहारा ठेवायला पुरातत्त्व खात्याकडे माणसे नाहीत, पण गुरे घेऊन जाणारा गुराखी रोज जातो.

गावांना या राखणीचे मोल कळते, याचा पुरावा सरकारी दप्तरातच आहे. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचे काम 2010-11 मध्ये चालू असताना सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी आपला गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करावा असे ठराव केले. या गटाच्या, म्हणजे गाडगीळ समितीच्या, अहवालात त्यांचा उल्लेख आहे. विकासाला विरोध करणारी गावे असा शिक्का त्यांच्यावर मारणे सोपे होते. पण ते ठराव काय सांगत होते? आमचे पाणी, आमची राने, आमचा किनारा यांविषयीचा निर्णय आम्हाला विचारून घ्या. 1530 साली धामापूर आणि काळसे या गावांना सोबत घेऊनच बांध घातला गेला होता.

2019 पासून हरित हवामान निधीच्या मदतीने किनारी लोकांसाठीचा नवा प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशात आला आहे आणि त्यात सिंधुदुर्ग आहे. कांदळ, प्रवाळ, उपजीविका ही कामे त्यातून पुढे चालतात. प्रकल्पांना मुदत असते. मुदत संपल्यावर काय उरते हे त्या गावातली जुनी संस्था जिवंत आहे की नाही यावर अवलंबून राहते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांकडे एक मागणे आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही लिहायची आहे. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही बाहेरच्या माणसाने भरून दिलेली, कपाटात पडलेली असते. आपल्या पंचक्रोशीत तरी तसे होऊ देऊ नये. पाटाच्या पाण्याची पाळी कुणाच्या कुणग्याला आधी, देवराईतले कुठले झाड कशाला कापायचे नाही, रापणीचे पट्टे कुणाचे, खाडीत कुठल्या महिन्यात कुठला मासा येतो, सड्यावर कुठल्या कातळावर काय कोरलेले आहे, हे सगळे अजून जाणत्यांच्या तोंडी आहे. शाळेतल्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांना विचारून ते लिहून घ्यावे, आणि ग्रामसभेत वाचून दाखवून मग नोंदवहीत घालावे. 2030 मध्ये धामापूरच्या तळ्याला पाचशे वर्षे पूर्ण होतील. त्या वर्षी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाची अशी नोंदवही गावाच्याच हाताने लिहून तयार असावी. काम आजपासून सुरू केले तरच ते वेळेत होईल.